कोपऱ्यातला रोठा : खानापूर तालुक्यातील एका काजूबागेचं प्रकरण

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीहून कणकुंबीकडे चढत जाणाऱ्या पट्ट्यात जांभ्या मातीवर काजूच्या बागा आहेत. बहुतेक घरगुती, दोन ते पाच एकरांच्या. रोठा म्हणजे काजूचं खोड पोखरणारी कीड. ती लागलेल्या ज्या बागेबद्दल हे टिपण आहे ती साधारण तीन एकरांची. वरच्या अंगाला आजोबांच्या काळात बी टोकून लावलेली जुनी झाडं, हवी तशी वाढलेली. खालच्या अंगाला नंतर लावलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं, ७ बाय ७ मीटरवर नीट आखून. बागेच्या मालकांना सगळा गाव आबा म्हणतो. त्यांची तक्रार एका वाक्यात संपली : "वरसाला चार-दोन झाडं वाळत्यात, औषध काय ते सांगा."

७ बाय ७ वर लावलं तर एकरात ऐंशीच्या आसपास झाडं बसतात. वरची अस्ताव्यस्त झाडं धरून या बागेत दोनशेवर झाडं भरतील. त्यातली चार गेली म्हणजे दोन टक्केही नाहीत. एवढं कुठल्या बागेत होत नाही? असं म्हणून सोडून देता येतं आणि आबांनी बरीच वर्षं तेच केलं होतं. मधे एकदा कुणी जाणकार येऊन गेले. गाडीवाटेच्या कडेची झाडं बघून बाग ठणठणीत आहे म्हणाले आणि सगळ्या बागेला एक फवारणी लिहून दिली. आबांनी ती केली, पैसे गेले, झाडं वाळायची ती वाळतच राहिली. गाडीवाट जाते कलमांच्या बाजूने आणि वाळत होती वरची झाडं, हे त्या वेळी कुणी ताडून पाहिलं नव्हतं.

म्हणून औषधाचा विषय बाजूला ठेवून आधी नकाशा काढायला बसलो. नातीच्या गणिताच्या वहीतलं चौकटींचं जोडपान घेतलं आणि एक चौकट म्हणजे एक झाड धरलं. बी वेचण्याचं सगळं काम वहिनींकडे, म्हणजे आबांच्या सुनेकडे असतं. हंगामात त्या रोज बागेत असतात. कुठलं झाड कुठल्या साली गेलं हे त्यांना पाठ नव्हतं, पण प्रसंगावरून चोख आठवत होतं. नणंदेच्या लग्नात मांडवापुढच्या चुलीला तोडलं ते एक. २०१९ च्या पुराच्या पावसाळ्यानंतर पिवळं पडलं ते दुसरं. ज्याच्या बुंध्याशी म्हैस बांधायचो ते तिसरं. त्या सांगत गेल्या, नात फुल्या मारत गेली. आबा मधेच "ते न्हवं, त्याच्या अलीकडचं" म्हणून दुरुस्ती करत होते.

पान भरल्यावर जे दिसलं ते बघायला कुठलंही शास्त्र लागत नव्हतं. कलमांच्या भागात जवळपास एकही फुली नाही. गाडीवाटेला नाही, विहिरीकडे नाही. सगळ्या फुल्या वरच्या उत्तर कोपऱ्यात, शेजारच्या पडीक बागेच्या बांधाला चिकटून. आबा बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बाग वाळत न्हाई. ह्यो कोपरा वाळतोय."

इथे थोडं गणित सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. किडी शेतात तीन तऱ्हांनी पसरलेल्या असू शकतात : सगळीकडे सारख्या, कशाही स्वैर, किंवा घोळक्याने. समजा शंभर झाडांचे दहा-दहाचे दहा गट पाडले आणि एकूण दहा झाडं किडलेली निघाली. सरासरी गटाला एक. ही दहा झाडं नशिबाने कुठेही पडलेली असतील, तर गटागटांतले आकडे सरासरीपासून किती लांब गेले याचं माप, म्हणजे प्रचरण, तेही १ च्या आसपासच येतं. पण एका गटात ६, शेजारच्या गटात ३, आणखी एकात १ आणि उरलेल्या सातांत शून्य असा प्रकार असेल, तर सरासरी तीच १ राहते आणि प्रचरण ४ वर जातं. प्रचरणाला सरासरीने भागून येणारा आकडा १ च्या बराच वर गेला की कीड घोळक्याने आहे असं समजायचं. आबांचे "चार-दोन झाडं" ही सरासरी होती. ती खरी होती आणि तिच्यावरून काहीच कळत नव्हतं. कोपऱ्यापुरता हिशेब केला असता, तर तिथली निम्मी जुनी झाडं गेलेली आहेत हे कधीच लक्षात आलं असतं.

घोळक्याच्या किडीत नमुन्याला पाच-दहा झाडं बघणं धोक्याचं असतं. घोळक्याबाहेर पडलात तर बाग स्वच्छ, घोळक्यात पडलात तर बाग गेली. दोनशे झाडांच्या बागेत नमुना कशाला घ्यायचा? प्रत्येक झाडाचा बुंधा वाकून बघता येतो. आम्ही तेच केलं, बघितलेल्या झाडावर चुन्याने आकडा घालत.

कीड कोणती याबद्दल शंका उरली नव्हती. रोठा, म्हणजे काजूचं खोड आणि मुळं पोखरणारी अळी. तिचा भुंगा तपकिरी, लांब मिशांचा, रात्री हिंडणारा. मादी जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत सालीच्या भेगांत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर तांदळाच्या कणीसारखी अंडी घालते. अळी सालीखाली शिरते आणि सहा-सात महिने साल आणि लाकूड यांच्या मधला थर खात वाकडेतिकडे बोगदे पाडते. झाडाचा अन्नरस त्याच थरातून वाहतो. बोगद्यांचा वेढा खोडाभोवती पुरा झाला की वरची पानं पिवळी पडून गळतात, फांद्या वाळतात आणि मग मालकाला कळतं. तोवर फार उशीर झालेला असतो.

कोपऱ्यातल्या एका झाडावर मात्र एकही पान पिवळं नव्हतं. मोहोर चांगला होता. बुंध्याशी साचलेला पाचोळा हाताने सारला, तर खाली मूठभर तांबूस भुगा निघाला, ओलसर, डिंकाने चिकटलेला, आंबूस वासाचा. नानांनी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावांनी, पटाशीने साल उचकटली. आत भुग्याने ठासलेला बोगदा. तो धरून खाली खाली जात राहिलं तर जमिनीत मुळाकडे वळला. माती उकरून सायकलच्या स्पोकला केलेला आकडा आत घातला, दोनदा रिकामाच आला, मग बोटाएवढी मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी बाहेर आली. त्याच मुळावर थोडं पुढे दुसरी सापडली, पहिलीच्या निम्मीही नाही. नातीने दोन्ही अळ्या पत्र्यावर ठेवून कोंबड्यांना बोलावलं.

त्या दोन अळ्यांच्या आकारातला फरक महत्त्वाचा. एकाच झाडात लहान आणि मोठी अळी एका वेळी सापडते, याचा अर्थ माद्या त्या झाडावर पुन्हा पुन्हा येऊन गेल्या आहेत. किडलेल्या झाडाचा, त्याच्या जखमेचा आणि भुग्याचा वास माद्यांना ओढून आणतो. एकदा लागलेलं झाड पुढच्या माद्यांना हाक मारत राहतं आणि घोळका तिथूनच वाढतो.

पण हाच कोपरा का? झाडं तिथली सगळ्यात जुनी. म्हातारी साल जास्त भेगाळलेली असते, अंड्यांना जागा भरपूर. दुसरं म्हणजे उतार. इकडच्या पावसाला पाऊस म्हणणंही कमीच, मलप्रभा इथूनच निघते. त्या पावसाने वरची माती वाहून मुळं उघडी पडलेली. तिसरं कारण मात्र पावसाचंही नव्हतं, झाडाचंही नव्हतं. ते नानांनी काढलं.

नानांची उमेदीची वर्षं चिकमगळूरकडे एका कॉफी इस्टेटीत रायटर म्हणून गेली. मजुरांची हजेरी, कामाचं वाटप, झाडांची मोजणी हे त्यांचं काम. काजूबद्दल आपल्याला फारसं कळत नाही असं ते स्वतःच म्हणतात. पण नकाशा बघितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "वाळलेली झाडं तोडून टाकली कुठं?"

आबा गप्प. वहिनींनी सांगितलं, "मामा, सगळं जळण तिथंच बांधाला रचलंय की."

कापलेले ओंडके वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात रचले जात होते. पावसाळ्यापूर्वी लागेल तसं घरी न्यायचं, उरलेलं तिथंच. बुंधे जमिनीत तसेच. तोडलं म्हणजे कीड संपली असं गृहीत धरलेलं, पण ओंडक्यातल्या आणि मुळातल्या अळीचं पोट भरणं थांबत नाही. ती वाढ पुरी करून लाकडातच चुन्यासारखं पांढरं कवच करते, त्यात कोष होतो आणि पुढे भुंगा बाहेर पडतो. एक ओंडका फोडल्यावर आत अशी दोन कवचं निघाली. दर साली वाळलेलं झाड तोडून, त्यातली कीड सुखरूप जपून, उरलेल्या झाडांच्या शेजारी ठेवण्याचा कार्यक्रम चालू होता.

नानांना हे कसं सुचलं त्याची गोष्ट कॉफीची आहे. अरेबिका कॉफीला पांढरा खोडकिडा लागतो. तोही लांब मिशांच्या भुंग्यांच्याच कुळातला, जात वेगळी. त्याचे भुंगे वर्षातून दोनदा उडतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून त्याआधी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, इस्टेटीत झुडूपन् झुडूप तपासत फिरतात. त्याला ट्रेसिंग म्हणतात. खोडावर उठलेले कंगोरे हाताने चाचपायचे, किडलेलं झाड मुळासकट काढायचं आणि जाळायचं. जळणासाठी ठेवायचंच असेल, तर आठवडा-दहा दिवस पाण्यात बुडवून मग. नानांच्या हाताखालच्या मजुरांनी लपवून नेलेली मोळी त्यांनी लाईनीतून, म्हणजे मजुरांच्या वस्तीतून, परत आणवलेली आहे. बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचं संशोधन चालतं, त्यामुळे या गोष्टी तिकडे नेमाच्या होऊन बसल्यात. फळात शिरणारा बेरी बोअरर १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूर भागात आपल्याकडे पहिल्यांदा सापडला. त्याच्या बाबतीतही मुख्य भर झाडावर आणि झाडाखाली राहून गेलेली फळं वेचण्यावर असतो, कारण दोन हंगामांच्या मधे कीड तिथेच दबा धरून असते.

कॉफीचं सगळं इथे आणायचं नव्हतं. पांढऱ्या खोडकिड्याला ऊन मानवतं. सावलीचं झाड पडून जागा उघडी झाली की तिथल्या कॉफीच्या झाडांवर तो आधी येतो. त्यामुळे तिकडे सावली नीट राखणं हाच मोठा उपाय. नानांनी कोपऱ्यात सिल्व्हर ओक लावू या असं सुचवलंही. काजूला ते चालणार नाही. काजूला ऊन हवं, सावलीत मोहोर कमी येतो आणि रोठ्याचा भुंगा रात्रीचा, त्याला सावलीचं काय? मोजायची, झाड उपटायची आणि लाकूड मागे न ठेवायची शिस्त तेवढी कॉफीकडून घ्यायची, सावली तिकडेच राहू द्यायची, असं ठरलं.

याच बागेत आणखी एक कीड होती आणि तिचा नकाशा वेगळाच निघाला. ढेकण्या. पावसाळ्यानंतर येणारी कोवळी पालवी आणि पुढे मोहोर यांतला रस तो शोषतो. टोचलेल्या जागी काळपट चट्टे पडतात, डिंकाचे थेंब दिसतात, मोहोर करपतो. गावात याला "ढग पडला" म्हणतात आणि दोष आभाळाला देऊन मोकळे होतात. आबांचंही तेच मत होतं. दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलने करपलेल्या मोहोराच्या झाडांवर गोल केले, तर ते रोठ्याच्या कोपऱ्यात अगदी तुरळक होते. दाट होते ते खालच्या कलमांत, घराकडच्या बाजूला, जिथे पेरू आणि कडुनिंब आहेत. ही दोन्ही झाडं ढेकण्याला चालतात, काजूला पालवी नसते तेव्हा तो तिथे दिवस काढतो. शिवाय कलमांना पालवी भरपूर आणि एकदम फुटते. ढेकण्या उडणारा, त्याला खाणं कोवळं लागतं. तो सालीच्या वयाकडे बघत नाही.

त्या गोलांच्या मधोमध काही कलमं स्वच्छ राहिली होती. कारण वर बघितल्यावर कळलं : पानं एकमेकांना शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. त्या असतात तिथे ढेकण्याचं फारसं चालत नाही. पण बी वेचताना त्या कडकडून चावतात, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला गडी त्यांची घरटी काठीने पाडून जाळतात. यावर वहिनींचं आणि माझं अजून एकमत नाही. चावून घ्यायचं मला नसतं, त्यांना असतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

मागे लिहून दिलेली सरसकट फवारणी का वाया गेली तेही आता उघड होतं. रोठ्याची अळी सालीखाली, पानांवर मारलेलं औषध तिथे पोचत नाही. ढेकण्याला फवारणी लागू पडते, पण पालवी फुटताना, मोहोर येताना आणि फळधारणेच्या वेळी, आणि तीही जिथे तो आहे तिथे. आबांनी केली ती बी वेचून झाल्यावर, मे महिन्यात, जेव्हा सवड होती तेव्हा.

मग कामाला हात घातला. भुंगे उन्हाळ्यात बाहेर पडतात, म्हणून ओंडक्यांचा निकाल त्याआधी लागायला हवा होता. "एवढं जळण फुकट जाळायचं?" हा आबांचा प्रश्न रास्त होता. इकडच्या पावसाळ्यात कोरडं जळण म्हणजे सोनं. शेवटी सगळे ओंडके फोडून पातळ ढलप्या केल्या, सापडल्या त्या अळ्या आणि कोष मारले आणि ढलप्या घराच्या अंगणात वाळत घातल्या. जमिनीतले बुंधे मुळांसह उकरून जागेवर जाळले. हे काम सगळ्यात खर्चाचं. जांभ्यात खणणं किती वेळ खातं ते खणणाऱ्याला विचारावं.

उभ्या झाडांचं ठरवणं जास्त अवघड गेलं. नियम असा आहे की बुंध्याच्या घेराची निम्म्याहून जास्त साल पोखरली गेली असेल किंवा शेंडा पिवळा पडला असेल, तर ते झाड वाचत नाही. ते काढावं, कारण ते उभं राहून फक्त कीड पोसतं. नियम वाचायला सोपा. पण कोपऱ्यातलं एक झाड आबांच्या वडिलांनी लावलेलं, अजून पोत्याने बी देणारं. नाना म्हणाले काढा, आबा म्हणाले एक साल थांबू. साल उचकटून दोरीने घेर मोजला, पोखरलेला भाग निम्म्याच्या जरा अलीकडे निघाला. नानांनाही मग बोलता येईना. ते झाड ठेवलं. बोगदे उघडे करून अळ्या काढल्या, जखमा साफ केल्या आणि बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत आणि उघड्या मुळांना निंबोळी तेलाचं ५ टक्के द्रावण पोतेऱ्याने फासलं. तेल पाण्यात मिसळत नाही, साबणाचं पाणी करून लिटरला ५० मिली तेल घालून घुसळावं लागतं. मुळांवर माती ओढली आणि बुंध्याभोवतीचा पाचोळा झाडून ठेवला, म्हणजे नवा भुगा पडला तर लांबूनही दिसेल. घेर निम्म्यावर गेलेली इतर झाडं काढली.

आसपासच्या, अजून न लागलेल्या दोन ओळींनाही तेल फासलं. घोळका कडेनेच वाढतो, त्यामुळे खर्च करायचा तर या कडेवर करावा असं माझं मत. खालच्या कलमांना काही केलं नाही, फक्त बुंधे बघून ठेवले. आबांना हे पटायला वेळ लागला. ज्या झाडांवर पैसे घातले ती दिसतात, ज्यांच्यावर घातले नाहीत ती डोळ्यात खुपतात.

पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा फेरी झाली, त्याच नकाशाची नवी प्रत घेऊन. जुन्या घोळक्याच्या मधोमध नवा भुगा नव्हता. वडिलांचं झाड उभं होतं, एका बाजूला ताजं छिद्र सापडलं, अळी लहान असतानाच काढता आली. नव्या फुल्या मोजक्याच, पण सगळ्या एका रेषेत : बांधालगत. पलीकडची बाग पडीक आहे, मालक नोकरीनिमित्त गोव्यात. तिकडे झाडं वाळून उभीच्या उभी आहेत, काही आडवी झालेली, कुणी हात लावलेला नाही. आपल्या बाजूला कितीही साफ केलं तरी भुंगे तिकडून येत राहणार.

फोनवर ते शेजारचे मालक म्हणाले की बघायचं तर खुशाल बघा, तोडू मात्र नका. त्यांच्या जागी आबा असते तर आबाही तेच म्हणाले असते. वहिनींनी बांधापलीकडच्या पहिल्या दोन ओळींतल्या झाडांवर चुन्याने आकडे घालायला सुरुवात केली आहे. मालक गणपतीला गावी येतात. तेव्हा पटाशी आणि दोरी घेऊन त्यांच्यासमोर प्रत्येक बुंध्याचा घेर मोजायचा आणि काढायची झाडं कोणती ते तिथेच ठरवायचं, फोडलेलं जळण त्यांचं आणि मजुरी आबांची, एवढं बोलणं झालेलं आहे.